रक्तातील विळा आणि सोयरीक

लातूरच्या शिकवणी वर्गांतून बारावीच्या जीवशास्त्रातील एक प्रश्न दरवर्षी घटवून घेतला जातो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी कोणता बदल झाला म्हणजे दात्रपेशी रक्तक्षय होतो? उत्तर ठरलेले आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. जनुकाच्या लिपीत जी-ए-जी या त्रयीचे जी-यू-जी होते. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला येऊन राहिलेली हजारो मुले हे उत्तर पाठ करतात, चार पर्यायांपैकी योग्य त्या पर्यायाचे वर्तुळ काळे करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. परीक्षेच्या दृष्टीने हा हमखास गुणांचा प्रश्न आहे.

मराठवाड्याच्याच ईशान्य टोकाला, पैनगंगेच्या काठाने, नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूर हे तालुके पसरले आहेत. डोंगर, सागाचे रान, दूरदूरचे गुडे आणि तांडे असा हा मुलूख. गोंड, प्रधान, कोलाम आणि आंध या आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्याची सीमा हलली. सोयरिकी मात्र पूर्वीप्रमाणेच एकीकडे आदिलाबादशी आणि दुसरीकडे नदीपलीकडच्या यवतमाळशी जुळत राहिल्या. मध्य भारताच्या ज्या पट्ट्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या पट्ट्याचे हे मराठवाड्यातील टोक होय. येथे दात्रपेशी रक्तक्षय असे कोणी म्हणत नाही. आशा कार्यकर्तीपासून आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडी 'सिकलसेल' हाच शब्द आहे.

या रोगाचे मूळ विज्ञानाने शोधून काढले त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. रोगांच्या इतिहासात इतके स्वच्छ उत्तर फार थोड्या प्रश्नांना मिळाले असेल. आता प्रश्न उरला आहे तो हे उत्तर रुग्णाच्या घरात कोणत्या वाटेने शिरते, याचा. औषध आणि सल्ला घेऊन ते शिरते, की मुलीच्या कपाळावरचा डाग होऊन शिरते? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील २७८ जिल्हे, चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन, असा त्याचा संकल्प आहे. एवढ्या प्रचंड प्रमाणावर माणसांच्या आनुवंशिकतेची नोंद यापूर्वी या देशात झालेली नाही. म्हणूनच हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे.

एका विद्यार्थ्याचे रक्त

रोगाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो तो एका परगावी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापासूनच. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला गेलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कृष्णवर्णीय तरुण १९०४ च्या डिसेंबरात तेथील रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, दंतवैद्य झाला आणि १९१६ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने वारला. त्याच्या रक्ताने वैद्यकात एक नवे प्रकरण उघडले. खुद्द त्याच्या पदरी त्यातले काही पडले नाही.

पुढील शोध भराभर लागत गेले. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी रोगाचे वंशागत गणित मांडले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. 'रेणूचा आजार' ही कल्पनाच वैद्यकात तेव्हा नवी होती. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांना पूर्व आफ्रिकेत आढळले की, हा दोष एका बाजूने मिळालेल्या माणसाला प्राणघातक मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शेकडो घटकांच्या त्या रेणूतील एकच घटक बदललेला असतो हे सिद्ध केले. लातूरची मुले पाठ करतात ते उत्तर हेच.

भारतात हा दोष आहे हे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम दिसले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर भागातील नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून महाराष्ट्र या नकाशावर आला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एस. एल. काटे यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे कित्येक वर्षे आदिवासी भागांतून हिंडून नमुने तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, प्रधान अशा काही समाजांत शेकडा २० ते ३५ पर्यंत लोक या जनुकाचे वाहक असल्याचे त्यातून पुढे आले. दलित आणि इतर मागास समाजांतही, विशेषतः विदर्भात, तो आढळतो. तेव्हा हा केवळ आदिवासींचा रोग आहे असा शहरी समज कोणी करून घेऊ नये. मलेरियाने ग्रासलेल्या रानात ज्यांचे पूर्वज तगून राहिले, त्यांच्या रक्तात ही खूण राहिली. एका अर्थी ती पूर्वजांच्या चिवटपणाची निशाणी आहे; तिला कुळाचा कलंक मानण्याचे कारण नाही.

आफ्रिकी आणि भारतीय रुग्णांत जनुकातील बदल तोच. पण त्याच्या अवतीभवतीची जनुकीय ठेवण निराळी. भारतीय रुग्णांत आढळणाऱ्या ठेवणीला 'अरब-भारतीय' असे नाव आहे. तिच्यासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकते आणि ते विळा होण्याच्या क्रियेला आवर घालते. त्यावरून भारतीय रोग सौम्य, असे दीर्घकाळ सांगितले गेले. मध्य भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवाने या समजुतीला तडा गेला आहे. येथेही लहान मुलांची हाडे आणि सांधे असह्य दुखतात, पांथरी वाढते, साध्या जंतुसंसर्गाने जीव धोक्यात येतो, एखाद्याला अर्धांगाचा झटकाही येतो. परीक्षेच्या चार पर्यायांत या वेदनेला जागा नसते.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

या साऱ्या विषयात सर्वाधिक घोटाळा होतो तो एका शब्दाचा, आणि तो शिक्षकांनी दूर करण्यासारखा आहे. प्रत्येकाला जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रोगी, कागदोपत्री 'एस-एस'. एकच सदोष असेल तर तो वाहक, 'ए-एस'. वाहकाला सामान्य जीवनात रोग नसतो. तो शेतात राबतो, शिकतो, नोकरी करतो. तपासणी झाली नाही तर आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर कळणारही नाही.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यामागे रोगी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि दोषमुक्त असण्याची चारांत एक. येथे एक गैरसमज फार खोल आहे. एक मूल रोगी झाले, आता पुढची तीन सुखरूप, असा हिशेब घरोघर केला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणी नव्याने उडवली जातात. मागच्या निकालाची त्यांना आठवण नसते. उलट, वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केला तर अपत्ये वाहक होऊ शकतील, पण सिकलसेलचा रोगी जन्मणार नाही. अट एकच की, तो जोडीदार बीटा थॅलसेमियाचाही वाहक नसावा. कारण त्या दोहोंच्या संयोगातूनही तसाच आजार उद्भवतो.

आता समाजाचा हिशेब. ज्या समाजात पाच माणसांमागे एक वाहक आहे, तेथे केवळ योगायोगाने पंचवीस जोडप्यांपैकी एका जोडप्यात नवराबायको दोघेही वाहक निघतील आणि शंभर जन्मांमागे एक मूल रोगी असेल. नात्यातील विवाहाने हे प्रमाण वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल मराठवाड्यात अनेक जातींत आहे; त्याबद्दल आदिवासींनाच बोल लावण्याचा अधिकार इतरांना नाही.

गावपातळीवरील पहिली चाचणी विद्राव्यतेची. थेंबभर रक्त, एका द्रावणात टाकायचे, गढूळ झाले की सदोष हिमोग्लोबिन आहे. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे; परंतु वाहक कोण आणि रोगी कोण हे ती सांगू शकत नाही. थॅलसेमियाचाही पत्ता तिला लागत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी, प्रयोगशाळेतील चाचणी करावीच लागते. पहिली चाचणी आणि दुसरीचा निकाल यांमध्ये जे दिवस जातात, तेच धोक्याचे. शाळेच्या ओसरीवर सर्वांदेखत नळी गढूळ झालेली असते. अमक्याच्या पोरीला सिकलसेल निघाला ही बातमी त्याच संध्याकाळी गुड्यात पोचते; ती केवळ वाहक आहे हे सांगणारा कागद महिन्याने येतो, आणि कित्येकदा तो शाळेच्या वा दवाखान्याच्या कपाटातच राहतो.

अमेरिकेत काय झाले

ही भीती कल्पनेतली नाही. तपासणी आधी आणि समजूत मागाहून, असा क्रम लावला की काय होते हे जगाने दोनदा पाहिले आहे.

अमेरिकेत १९७० च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या चळवळीने या दुर्लक्षित रोगाकडे लक्ष वेधले आणि राज्याराज्यांतून तपासणीचे कायदे झाले. काही राज्यांनी शाळाप्रवेशासाठी, काहींनी विवाहाच्या परवान्यासाठी कृष्णवर्णीयांच्या रक्ताची तपासणी सक्तीची केली. कायदे लिहिणाऱ्यांना वाहक आणि रोगी यांतील भेदच नीट उमगला नव्हता. परिणाम व्हायचा तोच झाला. निरोगी वाहकांना विम्याचे हप्ते वाढवून आले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. आणि ज्यांनी या रोगाचे रेणूतील मूळ शोधले त्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये असे सुचवले होते की, वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल पारितोषिकांचा मानकरी, शांततेसाठी झगडलेला माणूस, आणि त्याला ही सूचना माणुसकीची वाटली! बुद्धीची झेप केवढीही असो, ज्याच्या कपाळावर गोंदायचे आहे त्याला विचारल्याखेरीज ती आंधळीच राहते. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्याने अखेर तपासणी ऐच्छिक असावी व तिच्याबरोबर सल्ला दिला जावा हे तत्त्व मान्य केले. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील वाचकांना अधिक ओळखीचे वाटेल, कारण ते ठरवून केलेल्या लग्नांच्या गावचे आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. तेथे सुमारे चौथा हिस्सा लोक वाहक होते. जॉर्ज स्टॅमाटोयानोपुलोस या संशोधकाच्या पथकाने साऱ्या गावाची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल सांगितला, समजावले आणि काही वर्षांनी ते परत पाहायला गेले. वाहक-वाहक विवाह कमी झाले असावेत अशी अपेक्षा होती. १९७४ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते डोळे उघडणारे आहेत. असे विवाह तपासणी झालीच नसती तर जितके झाले असते तितकेच झाले होते. वाहकांकडे गाव हलक्या नजरेने पाहू लागले होते. त्यामुळे मुलामुलींच्या घरच्यांनी निकाल लपवले. लपवणारे दोन्ही पक्षांत असले म्हणजे लपवलेल्याशी लपवलेल्याची गाठ पडायला कितीसा वेळ लागतो?

सायप्रसमध्ये थॅलसेमियाच्या बाबतीत निराळे घडले. तेथे १९८३ पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला चर्च मागू लागले. परंतु दाखल्यावरील निकाल केवळ त्या जोडप्यापुरता राहिला. दोघे वाहक निघाली तरी बहुतेकांनी ठरलेला विवाह मोडला नाही. गर्भावस्थेतच निदान करण्याची सोय सरकारने उभी केली होती, तिचा त्यांनी आधार घेतला आणि रोगी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. ऑर्कोमेनोस आणि सायप्रस यांतील फरक तपासणीच्या यंत्रात नव्हता. निकाल कोणाच्या हाती पडला आणि त्यानंतर काय सोय होती, यात तो होता.

कार्ड कोणाचे मागितले जाणार?

आपल्या अभियानात तपासणीनंतर प्रत्येकाला कार्ड द्यावयाचे आहे. वर आणि वधू यांची कार्डे एकमेकांवर ठेवली असता संततीला रोग होण्याची शक्यता कितपत ते दिसावे, अशी त्याची रचना आहे. कल्पना चतुर आहे. कुंडलीआधी रक्त जुळवा, अशा आशयाचा प्रचारही होतो. परंतु ज्या गुड्यांसाठी हा प्रचार आहे तेथे पत्रिका जुळवण्याची चाल फारशी नाही, हे घोषणा लिहिणाऱ्याच्या गावी नसावे. गोंडांची सोयरीक पाहिली जाते ती देवांवरून. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे कुळांचे गट असतात आणि एकाच गटात लग्न होत नाही. कोणाचे कोणाशी जमत नाही हा विचार त्यांना नवा नाही. तो त्यांच्या व्यवहारात आधीपासून मुरलेला आहे, आणि त्यात कोणताही गट दुसऱ्यापेक्षा हलका ठरत नाही. दोन वाहकांनी जुळवू नये, ही गोष्ट त्याच रीतीने, त्यांच्याच जाणत्या माणसांच्या तोंडून सांगितली गेली तर ती पटण्याजोगी आहे. पत्रिकेची उपमा शहराची, तशीच तिच्यामागची धास्तीही शहराची. मंगळाची मुलगी म्हणून स्थळे परत जातात ते याच पत्रिकेमुळे!

खरा धोका येथेच आहे. कार्ड दोघांचे असले तरी ते मागितले जाईल मुलीचे. वंध्यत्वापासून हुंड्यापर्यंत प्रत्येक बाबतीत पुरावा मुलीनेच द्यायचा ही रीत या समाजात किती खोल रुजली आहे हे वेगळे सांगायला नको. वराकडची मंडळी आपल्या मुलाचे कार्ड खिशातून काढण्यापूर्वी मुलीचे पाहतील, आणि ती वाहक निघाली तर आपला मुलगा वाहक आहे की नाही हे न पाहताच उठून जातील. वस्तुतः मुलगा वाहक नसेल तर ती सोयरीक जुळायला वैद्यकीय हरकत कोणतीच नाही. म्हणूनच कार्ड एकट्याचे पाहायचे नाही, दोघांचे एकत्रच पाहायचे, तेही आरोग्य केंद्रात समुपदेशकासमोर, असा दंडक अभियानाने घातला पाहिजे. शाळेच्या फलकावर, हजेरीपटावर, ग्रामसभेच्या यादीत कोणाच्याही नावापुढे 'ए-एस' वा 'एस-एस' लागता कामा नये.

विवाह झालेल्या वाहक जोडप्यांचे काय, हा प्रश्न तर अभियानाच्या प्रचारात मागेच पडतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भाची तपासणी करण्यास मुभा ठेवली आहे; बंदी आहे ती लिंग सांगण्याला. परंतु ही तपासणी गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत करावी लागते आणि तिची सोय मोठ्या शहरांतून आहे. किनवटच्या बाईने नवऱ्याची मजुरी बुडवून, गर्भ तिसऱ्या महिन्यात असताना मुंबई गाठावी, ही अपेक्षाच करणे चूक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिन-विकारांचे केंद्र आता चंद्रपूरला झाले आहे. तशी सोय नांदेडच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात झाली तर किनवट-माहूरला ती आटोक्यात येईल.

'निर्मूलन' हा शब्द

अभियानाच्या नावातील 'निर्मूलन' हा शब्दही जरा तपासून घ्यावा असा आहे. देवीचे निर्मूलन झाले. तेथे विषाणू बाहेरून येत होता. तो संपला की काम संपले. सिकलसेल बाहेरून येत नाही. वाहकांनी आपसांत विवाह टाळले तर रोगी जन्मणे कमी होईल, पण जनुक समाजात राहीलच, आणि राहिले म्हणून काही बिघडतही नाही. ज्याच्या अंगात जन्मभरासाठी रोग आहे अशा मुलाच्या कानावर वारंवार 'निर्मूलन' हा शब्द पडला म्हणजे त्याला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा. नवे रोगी जन्मू नयेत यासाठी जेवढा पैसा आणि जेवढी घाई, तेवढीच जन्मलेल्यांसाठी हवी.

आणि जन्मलेल्यांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. लहान मुलांना पेनिसिलिनचा नियमित डोस दिल्यास जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९८६ मध्येच सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके निम्म्यावर आणते हे १९९५ च्या अमेरिकी अभ्यासात दिसले. त्याच्या गोळ्या महाग नाहीत. अडचण आहे ती नियमितपणाची: महिन्यामहिन्याला रक्त तपासून मात्रा ठरवणारा डॉक्टर हवा आणि गोळी संपण्यापूर्वी नवी पाकिटे यायला हवीत. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत एस.टी.ने यायचे, आणि 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून परतायचे, असे दोनदा घडले की तिसऱ्यांदा रुग्ण येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास काही सवलती मिळतात. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेटे घालावे लागतात हे कार्यालयांत काम करणाऱ्या वाचकांना अधिक ठाऊक असेल. निदान त्यांच्या टेबलाशी असा कागद आला तर तो अडू नये.

दुसरीकडे विज्ञान फार पुढे गेले आहे. जनुकाची दुरुस्ती करून रोग बरा करणाऱ्या पहिल्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत बावीस लाख डॉलर. भारतातही दिल्लीच्या जीनोमिक्स आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने जनुक-संपादनाचा देशी उपचार विकसित केला असून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले. बिरसा मुंडांचे नाव दिले हे उचितच झाले. ते नाव सार्थ व्हायचे तर तो उपचार पहिल्यांदा कोणाच्या दारी जातो तेही पाहावे लागेल.

रक्त कोणाचे, विद्या कोणाची

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. पन्नासच्या दशकापासून मध्य भारतातील आदिवासींचे रक्त संशोधनासाठी घेतले जात आहे. त्यावर निबंध झाले, पदव्या मिळाल्या. ज्यांनी बोट पुढे केले त्यांच्यापैकी कितीजणांना आपला निकाल कळला?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या हवासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. तेथील राज्य विद्यापीठात त्याच नमुन्यांवर त्यांना न विचारता इतर विषयांचे संशोधन झाले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांना पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग गोऱ्यांहून अधिक होतो आणि त्याने त्यांचे मृत्यूही सुमारे दुप्पट होतात. तरीही १९९६ मध्ये या रोगाच्या आनुवंशिकतेचा पहिला मोठा माग लागला तो प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांच्या अभ्यासातून. कृष्णवर्णीय संशोधनाला पुढे येईनात, याचे कारण उघड होते. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी गरीब कृष्णवर्णीयांचा उपदंश उपचाराविना ठेवून केवळ 'पाहिला' होता. तेव्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने आणि राष्ट्रीय जनुकसंशोधन संस्थेने निराळा मार्ग धरला. चार किंवा अधिक पुरुषांना हा कर्करोग झालेली कृष्णवर्णीय कुटुंबे शोधायची, आणि त्यांच्याशी बोलण्याचे काम त्यांच्याच समाजातील मूत्ररोगतज्ज्ञांनी करायचे. कुटुंबे पुढे आली. विश्वास कमवावा लागतो, तो फॉर्मवरच्या सहीने येत नाही, हे तेथे ओळखले गेले होते.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये याच भागासाठी स्थापन झाले. किनवट, माहूर आणि लातूर ही त्याच्याच कक्षेतील. जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि समाजकार्याचे विद्यार्थी येथे दोन्ही आहेत. किनवटच्या आश्रमशाळांतून शिकून नांदेडच्या महाविद्यालयांत आलेली, गोंडी आणि कोलामी बोलणारी मुलेमुलीही आहेत. अभियानाला समुपदेशक मिळत नाहीत अशी तक्रार करण्याआधी त्यांना प्रशिक्षण देऊन, रीतसर वेतनावर, त्यांच्याच गावी नेमून पाहायला हरकत कोणती? लातूरच्या वर्गांतून डॉक्टर होऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी दोघे-चौघे जरी गोकुंद्याला गेले तरी तेथील रक्त तपासणीचा खोळंबा कमी होईल.

वेळापत्रक मात्र किनवटच्या रिवाजाप्रमाणे लावावे लागेल. आश्रमशाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा वरच्या वर्गांतील मुलामुलींची तपासणी होऊ शकते. दुसऱ्या चाचणीचा पक्का अहवाल दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, बंद पाकिटात, समजावून सांगून ज्याच्या त्याच्या हाती द्यावा, आणि वयात आल्यावर तो पुन्हा एकदा उजळून सांगावा. म्हणजे सुगी आटोपून माघ-फाल्गुनात मोठ्या भावंडांच्या सोयरिकीच्या बैठका बसू लागतील, तेव्हा घरातले शाळकरी पोरही वडीलधाऱ्यांना विचारू शकेल की, नवऱ्या मुलाचे कार्ड कुठे आहे?